मालाचा स्वभाव आणि नव्या चालकाची निवड

अवजड वाहनाचा परवाना नुकताच हाती आलेला बीड, सोलापूर वा अहिल्यानगर जिल्ह्यातील तरुण जेव्हा कळंबोलीतील किंवा उरणच्या वाटेवरील एखाद्या वाहतूकदाराच्या कचेरीत कामाच्या शोधात येतो, तेव्हा आपण कोणत्या ट्रेलरवर बसणार, या प्रश्नाचे उत्तर त्याला सर्वांत आधी द्यावे लागते. बंदरातून कंटेनर वाहणारा ट्रेलर, पोलादाच्या कॉइल आणि सळया वाहणारा उघडा ट्रेलर, इंधनाचा किंवा दुधाचा टँकर, द्राक्षे घेऊन धावणारा रीफर, म्हणजे शीतपेटीचा ट्रेलर, असे निरनिराळे मार्ग त्याच्यापुढे असतात आणि त्यांतून निवड करताना त्याचे हितचिंतक त्याच्या हाती बहुधा एकच मोजमाप देतात: पगार किती, भत्ता किती आणि महिन्याला खेपा किती. ज्याच्या घरी कोरडवाहू जमिनीवरचे कर्ज थकलेले आहे, त्याने पैशाचा विचार करू नये, असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. तथापि माझे स्पष्ट मत असे आहे की, पहिल्या दोन-तीन वर्षांपुरता तरी हा प्रश्न पैशाच्या आधी मालाच्या स्वभावाचा आहे. कोणता माल स्थिर राहतो, कोणता सरकतो, कोणता उसळतो आणि कोणता वेळेच्या धाकाने माणसाला पळवतो, हे पाहून ज्याने आपल्या शिक्षणाचा क्रम लावला, त्याची कारकीर्द दीर्घ आणि सुरक्षित होण्याचा संभव अधिक; आणि असा क्रम लावण्याची सवड त्याला मिळवून देणे हे वाहतूकदारांचे, माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांचे आणि सरकारचे कर्तव्य आहे.

साध्या ट्रकवरून ट्रेलरवर येणाऱ्याला बरेचसे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. ट्रकमध्ये इंजिन, चालक आणि माल एकाच अखंड चौकटीवर असतात. ट्रेलरमध्ये पुढचे इंजिनाचे वाहन, ज्याला चालक घोडा म्हणतात, आणि मागचा मालाचा सांगाडा ही दोन स्वतंत्र अंगे किंगपिन नावाच्या एका जाड पोलादी खुंट्याने जोडलेली असतात व त्या सांध्याभोवती एकमेकांशी कोन करून वळतात. वळणावर मागची चाके घोड्याच्या चाकांच्या मागोमाग न जाता आतल्या बाजूने कापत जातात, आणि त्याच बाजूला चालकाच्या नजरेआड एखादा दुचाकीस्वार उभा असू शकतो. मागे घेताना ट्रेलरचे शेपूट डावीकडे न्यावयाचे तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते. आणि ओल्या रस्त्यावर घोड्याची चाके जखडून घसरली, तर मागचा भार त्याला ढकलत राहतो व सारे वाहन त्या सांध्यात मिटून रस्त्यावर आडवे होते. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसभाराच्या मर्यादा वाढवल्या, तेव्हा अशा जोडवाहनाच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ टनांवर गेली. वेग दुप्पट झाला की आवरावयाची गतिज ऊर्जा चौपट होते, हा शाळेत शिकलेला नियम ५५ टनांच्या वाहनाला आणि बोरघाटाच्या उताराला लावून पाहिला, म्हणजे या व्यवसायात ब्रेकविषयीचे ज्ञान बाकीच्या सर्व ज्ञानाच्या आधी का यावे लागते, हे ध्यानात येते. सर्व ट्रेलरांना समान असलेले हे शिक्षण पुरे होण्यापूर्वीच त्यावर मालाच्या लहरीची भर पडली, तर नवशिक्याला एकाच वेळी दोन विद्या आत्मसात कराव्या लागतात, आणि रस्ता तेवढी उसंत देत नाही.

म्हणूनच कंटेनरचा ट्रेलर ही मला नव्या चालकाची सर्वांत योग्य प्रथमशाळा वाटते. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूकदाराने ५८ पेट्या ‘आयडिअल एक्स’ नावाच्या जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडल्या आणि जगाच्या व्यापाराला एक नवे माप मिळाले. हा गृहस्थ स्वतः ट्रक चालवीत वर आला होता, ही गोष्ट या संदर्भात नोंदण्याजोगी आहे. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि वीस व चाळीस फुटांच्या पेट्यांभोवती उरण-पनवेलचा सारा परिसर गुंतत गेला. या कामात माल बंद पेटीत असतो, पेटीला मोहोर असते, चार कोपऱ्यांवरची ट्विस्ट-लॉक नावाची कुलुपे फिरवली की भार सांगाड्याशी जखडला जातो, आणि बंदर ते गोदाम हा रस्ता पुन्हापुन्हा तोच असल्यामुळे चालकाचे लक्ष वाहनावर राहू शकते. मोहोर शाबूत ठेवून पेटी पोचवणे एवढीच मालाविषयीची त्याची जबाबदारी. ताडपत्री, साखळ्या, दोर यांचा व्याप नाही.

तथापि कंटेनर निर्धोक आहे, असा याचा अर्थ कोणी करू नये. पेटीत माल कसा रचला आहे, हे चालकाला दिसत नाही. १ जुलै २०१६ पासून निर्यातीच्या प्रत्येक भरलेल्या पेटीचे प्रमाणित वजन जहाजावर चढवण्यापूर्वी कळवणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक झाले, हे उत्तम झाले. परंतु त्या वजनाचा मध्य पेटीच्या एका अंगाला कलला आहे काय, हे वजनचिठ्ठी सांगत नाही, आणि पहिल्याच वळणावर ट्रेलर नको तितका झुकला म्हणजे ते अनुभवाने कळते. घाईत चारपैकी दोनच कुलुपे लावून निघालेल्या गाडीवरची पेटी वळणावर उलटून शेजारच्या मोटारीवर पडू शकते. या आळसाची शिक्षा भलत्यालाच होते. शिवाय या कामातील खरी तक्रार धोक्याची नसून प्रतीक्षेची आहे. बंदराच्या दरवाजासमोर, खासगी यार्डात, रिकामी पेटी परत करण्याच्या रांगेत तासन्तास जातात, आणि जेथे मोबदला खेपेवर ठरलेला आहे, तेथे हे तास चालकाच्या खिशातून वजा होतात. तरीही मी नव्या माणसाला हेच काम सुचवीन, कारण पहिल्या वर्षात थांबून राहिल्याचे नुकसान भरून निघते. घाटात झालेली चूक भरून निघत नाही.

उघड्या ट्रेलरचे काम याहून कष्टाचे आणि, माझ्या मते, याहून अधिक शिकवणारे आहे. रायगड जिल्ह्यातील डोलवीच्या कारखान्यातून, कळंबोलीच्या पोलाद बाजारातून, जालन्याच्या सळई-गिरण्यांतून निघणारा माल उघड्यावर वाहिला जातो आणि त्याला बांधणारा अंतिमतः चालकच असतो. गुंडाळलेल्या पत्र्याची एकेक कॉइल वीस-पंचवीस टनांपर्यंत भरते. तिच्या खाली पाचरी, बाजूंना ठोकळे आणि वरून पुरेशा साखळ्या नसतील, तर अचानक ब्रेक लागल्यावर ट्रेलर थांबतो, कॉइल थांबत नाही, आणि तिच्या पुढच्या वाटेवर चालकाची केबिन असते. सळयांचा भारा सुटला, तर तो मागच्या वाहनात घुसतो. येथे थोड्याथोड्या अंतरानंतर उतरून साखळ्यांचा ताण पाहावा लागतो, पावसाळ्यात भिजलेली जड ताडपत्री ओढावी लागते, चढून-उतरून अंग मोडते. परंतु आपण काय वाहत आहोत हे ज्याला डोळ्यांनी दिसते आणि हातांनी बांधावे लागते, त्याला भार म्हणजे काय याची समज अशी येते की ती पुढे आयुष्यभर कामी पडते. कंटेनरवर वर्षभर काढून, एखाद्या जाणत्या उस्तादाच्या हाताखाली बांधणी शिकत या कामावर आलेला चालक या व्यवसायाचे भूषण ठरू शकतो. पहिल्याच महिन्यात एकट्याने कॉइल घेऊन घाटात पाठवलेला मात्र स्वतःच्या जिवाशी खेळत असतो, आणि तो खेळ त्याने स्वतः मांडलेला नसतो.

टँकरविषयी माझे मत याहून कठोर आहे. घन माल बांधता येतो. द्रव बांधता येत नाही. भरगच्च भरलेल्या टाकीपेक्षा अर्धवट भरलेली टाकी अधिक धोकादायक असते, हे नवख्याला खरे वाटत नाही, कारण वजन कमी म्हणजे जोखीम कमी असा त्याचा स्वाभाविक समज असतो. वस्तुतः मोकळ्या जागेमुळे द्रवाला उसळी घेण्यास वाव मिळतो. ब्रेक लावल्यावर तो पुढे धावतो आणि जवळजवळ थांबलेल्या वाहनाला पुन्हा ढकलतो, वळणावर तो बाहेरच्या अंगाला चढतो आणि आधीच कललेल्या टाकीला अधिक कलंडवतो. टाकीत छिद्रे असलेले आडवे पडदे बसवले, म्हणजे पुढेमागे होणारी उसळी बरीच कमी होते, पण बाजूंची उसळी त्यांनी थांबत नाही. अन्नपदार्थांच्या टाक्या धुण्याच्या सोयीसाठी आतून गुळगुळीत ठेवण्याची पद्धत असल्याने ज्या दुधाला कोणी धोकादायक माल म्हणणार नाही, तेच दूध तीव्र वळणावर चालकाची परीक्षा पाहते. मनमाडजवळच्या पानेवाडीहून निघणारे पेट्रोल-डिझेलचे टँकर किंवा घरगुती वायूचे बुलेट टँकर यांच्या बाबतीत चुकीची किंमत केवळ चालक देत नाही. जून २०२३ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ रसायनाच्या टँकरला लागलेल्या आगीत माणसे होरपळली. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूरजवळ महामार्गावर वळण घेणाऱ्या वायूच्या टँकरवर ट्रक आदळला आणि पेटलेल्या वायूने आसपासच्या वाहनांतील निरपराध माणसांनाही गाठले. धोकादायक मालासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तीन दिवसांचे स्वतंत्र प्रशिक्षण आणि परवान्यावर तसा शेरा आवश्यक ठरवला आहे, हे योग्यच आहे. परंतु तो शेरा माल स्वतः किती घातक आहे हे पाहून दिला जातो, आणि दूध वा खाद्यतेल यांसारख्या धोकादायक न गणल्या जाणाऱ्या द्रवाच्या उसळीला मात्र असा कोणताही शेरा लागत नाही. टँकरवरचा पगार बहुधा चांगला असतो. तो चांगला का असतो, याचा विचार तरुणाने तो स्वीकारण्यापूर्वी करावा.

रीफरची जोखीम मालात नसून घड्याळात आहे. जानेवारी ते एप्रिल या हंगामात नाशिकची द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवून न्हावा-शेव्याला न्यावी लागतात. जळगावच्या केळ्यांना साधारण तेरा अंश मानवतात आणि त्याहून अधिक गारवा लागल्यास त्यांची साल काळवंडते. गोठवलेल्या मालाला उणे अठरा अंश लागतात. त्यामुळे या चालकाला रस्त्याबरोबरच तापमानाच्या काट्यावर आणि शीतयंत्राला वीज पुरवणाऱ्या जनित्रावर लक्ष ठेवावे लागते, आणि जहाजाची वेळ टळली तर शेतकऱ्याचा वर्षभराचा माल वाया जाईल, या धाकाखाली तो चालवत राहतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाटाचे श्रम टाळता येऊ लागले. पण सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळ्यांवर येणारी झापड टळली नाही. ज्याला आपल्या झोपेची मर्यादा ठाऊक झालेली आहे आणि ‘आता गाडी बाजूला घेतो’ असे मालकाला फोनवर सांगण्याचे धैर्य ज्याच्या अंगी आले आहे, त्यानेच हे काम पत्करावे. विशीतल्या नवख्याकडे ते धैर्य क्वचितच असते.

पवनचक्कीची लांबलचक पाती वा कारखान्यांची अवाढव्य यंत्रे वाहणारे हायड्रॉलिक ट्रेलर आणि चाकणहून मोटारी नेणारे दुमजली ट्रेलर यांचा येथे नुसता उल्लेख पुरे आहे, कारण जबाबदार मालक ते नवख्याच्या हाती देतच नाही.

आता मोबदल्याकडे वळू, कारण निवडीची खरी सूत्रे तेथे हलतात. अनेक ठिकाणी वहिवाट अशी आहे की, मूळ पगार बेताचा, खेपेगणिक भत्ता आणि खेपेसाठी ठरवून दिलेल्या डिझेलमधून वाचेल ते चालकाचे. या रचनेत जलद जाणाऱ्याला, कमी झोपणाऱ्याला आणि उतारावर गिअर काढून गाडी सोडणाऱ्याला बक्षीस मिळते. गिअर काढला की इंजिनाचा अवरोध नाहीसा होतो आणि सारा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ते तापत जातात आणि तापलेला ब्रेक धरेनासा होतो. इंजिनच बंद केले, तर हवेच्या ब्रेकना हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि प्रत्येक दाबाबरोबर साठा घटत जातो. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर वारंवार होणाऱ्या अपघातांमागे रस्त्याची रचना हे कारण आहेच. परंतु उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय हेही कारण तपासांतून पुढे येत राहिले आहे. या सवयीसाठी चालकाला दूषणे देणे सोपे आहे. ज्या हिशेबाने त्याला ती लावली, त्या हिशेबाची फेरतपासणी करणे अधिक न्यायाचे आहे.

वजनाचेही तसेच आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे, आणि तो चालवणाऱ्याला तसाच चालवू देणाऱ्यालाही लागू आहे. प्रत्यक्षात रस्त्यावर अडवला जातो तो चालक, आणि मालाच्या वजनाविषयी सर्वांत कमी बोलण्याचा अधिकार असतो तोही चालकालाच. माल उतरवताना ‘वाराई’, म्हणजे हमाली, कोणी द्यावयाची, यावरून होणाऱ्या तंट्यातही अखेर उभा राहतो तोच.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, मी सांगतो तो क्रम ज्याच्या पोटाला चिमटा बसलेला नाही त्यालाच परवडेल. गरजूला जे स्टिअरिंग प्रथम मिळेल ते धरावे लागते. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच हा सारा भार एकट्या तरुणाच्या शहाणपणावर टाकण्यास माझा विरोध आहे. माणसाच्या श्रमाला मर्यादा असावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची, आणि लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊनही दहा व चोपन्न तासांची मर्यादा घालून दिली होती. अंमलबजावणीच्या अभावी ती दप्तरातच राहिली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या अवजड ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु थंड केबिनमध्येही सोळा तास जागलेला माणूस थकलेलाच असतो.

मला चार गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, ट्रेलरवर प्रथमच बसणाऱ्याला निदान सहा महिने अनुभवी चालकाच्या सोबतीने, पूर्ण पगारावर ठेवावे आणि त्या काळाची नोंद त्याच्या दस्तऐवजात व्हावी. दुसरी, द्रव वाहणाऱ्या प्रत्येक वाहनासाठी, मग त्यात पेट्रोल असो वा दूध, प्रशिक्षणाचा स्वतंत्र शेरा असावा आणि तो कोरड्या मालावर काही काळ काढलेल्यालाच मिळावा. तिसरी, प्रतीक्षेच्या तासांचा मोबदला मिळावा आणि डिझेलच्या बचतीवरचे बक्षीस बंद व्हावे, म्हणजे कंटेनरसारखे सुरक्षित काम गरिबाला महाग पडणार नाही व उतारावरचा मोह उरणार नाही. चौथी, वजनचिठ्ठी आणि मालाच्या रचनेचा तपशील चालकाला निघण्यापूर्वी लेखी मिळावा, आणि तो असमाधानकारक वाटल्यास गाडी न हलवल्याबद्दल त्याची नोकरी जाऊ नये.

यांतील पहिली, तिसरी आणि चौथी गोष्ट नव्या कायद्याची वाट न पाहता न्हावा-शेव्याला सुरू करता येईल, कारण बंदराचे प्रशासन, जहाज कंपन्या, निर्यातदार आणि ट्रेलरमालकांच्या संघटना तेथे एका आवारात नांदतात आणि महाराष्ट्रातील असंख्य नवे चालक आपला पहिला ट्रेलर तेथेच धरतात. खर्च वाढेल, ही सबब मला पुरेशी वाटत नाही. तो खर्च आजही होतच आहे, फक्त तो चालकांच्या घरांतून आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसांकडून वसूल केला जातो. तो भाड्याच्या बिलात उघडपणे लिहिला जावा आणि ज्यांच्या मालासाठी हे ट्रेलर धावतात त्यांनी तो भरावा, एवढीच न्याय्य मागणी आहे.